सतरा नंबरची डावी नळी

एक्केचाळीस बंदुकांपैकी कुठल्या तीन ठेवायच्या हे ठरवायला अरबाबांनी मला बुदैया गावातल्या त्यांच्या घरी बोलावलं, तेव्हा ह्यांना जाऊन दोन महिने होत आले होते. बंदुकांशी माझा कधी संबंध आला नाही. मी इथल्या एका भारतीय शाळेच्या ग्रंथालयात काम करते. मला बोलावण्याचं कारण एवढंच, की त्या बंदुकांची सगळी माहिती ह्यांनी मराठीत लिहून ठेवली होती आणि त्या घरात मराठी वाचणारं कोणी नव्हतं.

हे फौजेत आर्मरर होते, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत असतो, पण ह्यांचा हात पहिल्यापासून बारीक कामाचा. हवालदार होऊन निवृत्त झाले आणि कुणाच्या तरी ओळखीने बहरीनला आले. काम एकच होतं. एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याच्या घरी जमलेल्या बंदुका सांभाळायच्या. मालकाला इथे आपली माणसं अरबाब म्हणतात, तसंच आम्हीही म्हणत आलो. काही बंदुका त्यांच्या आजोबांच्या, ठासणीच्या; काही भेट आलेल्या, काही हौसेने घेतलेल्या. सगळ्या परवान्यावरच्या. इथली खारी हवा लोखंडाची वैरी आहे. खोलीत बारा महिने एसी चालू असतो, तरी नळीत ओल धरतेच. म्हणून दर महिन्याला प्रत्येक बंदूक उघडायची, नळीतून तेलाची चिंधी ओढायची, लाकडी दस्त्याला जवसाचं तेल चोळायचं आणि वहीत नोंद करायची.

पहिल्या आठवड्यात ह्यांनी विचारलं होतं, नोंद कुठल्या भाषेत करू. अरबाबांचं लहानपण मुंबईत वडिलांच्या पेढीवर गेलेलं, त्यामुळे त्यांचं हिंदी जुन्या मुंबईचं. ते म्हणाले, "पढना तेरे को है, मेरे को नहीं. जिस में मर्जी लिख."

हे मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेले. मराठीत लिहू लागले. अरबाब ऐंशीच्या पुढचे, हे पन्नाशीच्या आतले. आधी कोण जाणार याविषयी कुणालाच शंका नव्हती. नंतर एका सकाळी दाढी करता करता ह्यांचं हृदय थांबलं. अठ्ठावन्न वय होतं. इथेच अग्नी दिला.

अरबाबांनी बंदुका कमी करायचं आधीपासून ठरवलं होतं. मुलांना हौस नव्हती. परवान्यांचं नूतनीकरण जवळ आलं होतं. ज्यांचा खरोखर उपयोग आहे अशा तीन ठेवायच्या, बाकीच्या सरकारजमा करायच्या. महिनाअखेरीस त्या न्यायला खात्याची माणसं येणार होती. तीन कुठल्या हे ह्यांनी सांगायचं होतं.

घरी ह्यांची माझ्या पुस्तकांवरून थट्टा चालायची. "आमच्या अरबाबाकडं एक्केचाळीस बंदुका, वाजतात तीन. तुझी पुस्तकं तशीच. एकदा तूबी नोंद कर, वाचलेलं किती आणि नुसतं तेल लावून ठेवलेलं किती."

बंदुकांच्या खोलीत एक लांब टेबल होतं. प्रत्येक बंदुकीला तारेने पत्र्याचा छोटा नंबर बांधलेला. लांब वह्या सात. मी खुर्चीवर बसले, समोर अरबाब, आणि त्यांच्या मागे उभी त्यांची नात. वीस-एकवीस वर्षांची मुलगी, रेंजवर जाऊन हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवर नेम धरते. त्या घरात बंदूक वापरणारी आता ती एकटीच होती.

मी मराठीत वाचायची आणि हिंदीत सांगायची. मला वाटलं होतं, नुसते आकडे असतील. पण ह्यांनी माणसांविषयी लिहावं तसं लिहिलं होतं. 'क्र. ६. दस्ता उत्तम. चाप जड. स्वभाव चांगला.' 'क्र. २३. दिसायला राणी, कामाला शून्य.' 'क्र. ३१. हिला वाजवू नये. वाजवणाऱ्यालाच वाजवेल.'

अरबाब खदखदून हसले. "ये मेरे चाचा की है. चाचा भी ऐसाच था. जाने दो इसको."

ह्यांच्यानंतर मी पहिल्यांदा हसले ती त्या खोलीत. एकेक बंदूक टेबलाच्या डाव्या बाजूला जात राहिली, जायच्या बंदुकांकडे. ठेवायच्या बाजूला दोन आल्या, चार नंबर आणि अकरा नंबर. तिसरीची जागा रिकामी होती.

"आंटी," नात माझ्या कानाशी वाकून इंग्रजीत म्हणाली, "सतरा. प्लीज. माझा नेम तिच्यावरच बसलाय. उस्तादांनी चांगलंच लिहिलं असणार."

उस्ताद म्हणजे हे. त्या घरात ह्यांना सगळे उस्ताद म्हणत.

सतरा नंबर दुनळी, बारा बोअरची. मी जुन्या वहीपासून तिच्या नोंदी शोधत आले. तीन वर्षांपूर्वीची नोंद होती: 'डाव्या नळीत मध्यावर काळपट रेघ. घासून गेली नाही. लक्ष ठेवणे.' पुढच्या महिन्यात: 'रेघ आहे तशी.' असं बरेच महिने. मग: 'रेघ वाढली वाटते. अजून दोन महिने पाहून मालकांना सांगणे.' त्यानंतर वही बदलली होती. नव्या वहीत सतरा नंबरपुढे होतं: 'दोन्ही नळ्या आतून आरसा.' पुढच्या महिन्यातही तेच. पावणेदोन वर्षं, दर महिन्याला तेच चार शब्द.

गंजाची रेघ वाढते, किंवा घासून काढली तर मागे खड्डा ठेवते. तिचा आरसा होत नाही. एवढं मलाही कळत होतं.

मग मी शब्द सोडून अक्षराकडे पाहिलं. ह्यांचं अक्षर बारीक, ओळीला धरून, शाळेच्या फळ्यावरल्यासारखं सरळ. या वहीत ते दुप्पट मोठं झालं होतं. शिरोरेषा अक्षरांच्या डोक्यावर न बसता त्यांच्या मधून गेल्या होत्या. एका पानावर एक ओळ दुसऱ्या ओळीवरच लिहिली होती. आणि एका ठिकाणी, बाविसाव्या की चोविसाव्या नंबरपुढे, लिहिलं होतं: 'बोटाला काही लागत नाही.'

बोट नळीच्या तोंडापासून पेरभर आत जातं. नळी हातभराहून लांब असते.

"क्या लिखा है?" अरबाबांनी विचारलं.

मी शेवटची नोंद वाचली. "दोनों नली अंदर से आईना."

खोटं नव्हतं, तेच लिहिलेलं होतं. नातीने टाळी वाजवली आणि सतरा नंबर उचलून उजव्या बाजूला ठेवली.

अरबाबांच्या ड्रायव्हरने मला गुदैबियात घरी आणून सोडलं. खालच्या दुकानातून दूध घ्यायचं होतं, ते विसरून मी जिना चढले. 

दोन वर्षांपूर्वी ह्यांनी गाडी विकली. गुदैबियात पार्किंग मिळत नाही, दर संध्याकाळी तीन चकरा माराव्या लागतात, म्हणून. खरंच मिळत नाही, त्यामुळे मला त्यात वेगळं काही वाटलं नाही. त्याच सुमारास एका संध्याकाळी मी वाचत बसले होते आणि हे शेजारी येऊन बसले.

"मोठ्यानं वाच की."

"अहो, तीस वर्षांत आज सुचलं होय?"

"तुझ्या तोंडनं ऐकायला बरं वाटतं गं. वाच."

त्यानंतर रोज संध्याकाळी मी वाचत गेले. प्रवासवर्णनं, आत्मचरित्रं, दोन जाडजूड कादंबऱ्या. हे डोळे मिटून ऐकायचे, मधेच एखाद्या पात्राला साताऱ्याच्या भाषेत शिवी द्यायचे. माझ्या लग्नातली ती सगळ्यात सुखाची दोन वर्षं होती. मैत्रिणींना मी सांगितलंसुद्धा होतं, की उतारवयात का होईना, आमच्या ह्यांना पुस्तकांची गोडी लागली.

ह्यांना साखरेचा आजार पंधरा वर्षांचा होता. साखर डोळ्यांत उतरते हे मला ठाऊक होतं. वाचलेलं होतं. चष्म्याचा नंबर तपासा म्हटलं की "जुनाच झकास आहे" म्हणायचे. मी शेजारी बसून मोठ्यानं वाचत होते आणि ह्यांना दिसत नाही हे मला दिसलं नाही.

दोन दिवस मी शाळेत गेले, पुस्तकांवर शिक्के मारले, घरी आले. स्वतःशी वाद घातला. पावणेदोन वर्षं त्या बंदुकीला काही झालं नाही, आता काय होणार? आणि सांगितलं तर उस्तादांचं काय राहील? पंचवीस वर्षं फौजेत आणि दहा वर्षं इथे ह्यांनी जे नाव मिळवलं, ते एका माणसाने पुसायचं आणि ते माणूस मी. ह्यांना स्वतःची बाजू मांडायला येताही येणार नव्हतं. पण शुक्रवारी ती मुलगी रेंजवर जाणार होती, आणि गंजाने आतून खाल्लेली नळी बार उडताना फुटू शकते. बंदूक खांद्याला लावली की डावी नळी गालापासून किती अंतरावर येते, याचा मी शाळेत बसून विचार करत होते.

गुरुवारी शाळा सुटल्यावर टॅक्सीने बुदैयाला गेले. अरबाब बागेकडच्या व्हरांड्यात चहा घेत होते. मला पाहून त्यांनी माझ्यासाठीही कप मागवला.

मी उभ्यानेच सांगितलं. सतरा नंबरच्या जुन्या नोंदी सांगितल्या, अक्षराचं सांगितलं, बोटाचं सांगितलं. गाडी का विकली तेही सांगितलं. मोठ्यानं वाचण्याचं सांगितलं नाही.

 अरबाबांनी नातीला हाक मारली. सतरा नंबर आणून तिने ती बिजागरीशी वाकवून उघडली, काडतूस नाही हे पाहिलं, आणि नळ्या आभाळाकडे धरून एकीतून पाहिलं, मग दुसरीतून. चांगल्या नळीत उजेडाच्या कड्या एकामागे एक अखंड दिसतात, असं ह्यांनी मला कधीतरी सांगितलं होतं. ती बराच वेळ पाहत राहिली.

"मधे तुटलंय," ती म्हणाली. "काळं आहे. खोल आहे." मग घाईने, "मी स्वतः कधी पाहिलंच नाही, आंटी. उस्ताद पाहायचे ना."

तिने बंदूक टेबलावर ठेवली आणि हात मागे घेतले.

"दो साल," अरबाब म्हणाले. "दो साल ये बच्ची इसको मुँह से लगाके खडी थी." त्यांचा आवाज चढला. "वो अंधा था, और मैं भी अंधा! मेरे को बोला क्यों नहीं?"

"बोलते तो आप घर भेज देते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलायला त्यांना काहीच अडचण नव्हती.

"हाँ," ते म्हणाले. "भेज देता."

चहावर साय धरली होती. नात आत निघून गेली. अरबाबांनी ड्रायव्हरकरवी सातही वह्या व्हरांड्यात मागवल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या.

"कौनसी तारीख से?" त्यांनी विचारलं.

मला आधी कळलं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं. ज्या तारखेपर्यंत उस्तादांना दिसत होतं, तोवरच्या नोंदी खऱ्या धरायच्या. त्यानंतर ज्या ज्या बंदुका त्यांनी नुसतं तेल न लावता सुट्या करून पुन्हा जोडल्या, ज्यांचा खिळा किंवा स्प्रिंग बदलली, त्या ठेवायच्या नाहीत. त्या कामाच्या आहेत असं आता कुणी म्हणू शकत नव्हतं. आणि खात्याला बंदुका देताना त्यांची हालत कागदावर खरी लिहून द्यायला हवी होती. ती तारीख अक्षरावरून सांगू शकणारी मी एकटीच होते.

त्यांनी मला पेन्सिल दिली.

मी पानं मागे मागे उलटत गेले. अक्षर मार्च महिन्यात मोठं झालं होतं, त्यात संशय नव्हता. मार्चवर रेघ मारली असती तर चार नंबर आणि अकरा नंबर दोन्ही वाचल्या असत्या. पण त्याआधी डिसेंबरात एके ठिकाणी शिरोरेषा सरकली होती. हात ओला असेल. घाई असेल. ऑक्टोबरात एक आकडा खोडून पुन्हा लिहिला होता. आकडे आम्ही सगळेच खोडतो. ऑगस्टात अकरा नंबरची स्प्रिंग बदलल्याची नोंद होती, सुबक अक्षरात, खाली ह्यांची सही. त्या पानावर मला काहीच सापडलं नाही. मी ते तीनदा वाचलं.

"बहन?" अरबाब म्हणाले.

मी जुलैवर रेघ मारली.

"पक्का?"

"पक्का."

त्यांनी आत जाऊन अकरा नंबर स्वतः उचलली आणि डावीकडच्या ढिगात नेऊन ठेवली. एक्केचाळिसांतली चार नंबर तेवढी राहिली. मार्चपासून जुलैपर्यंत मागे मोजलं तर आठ महिने होतात. ते आठ महिने मी ह्यांच्याकडून काढून घेतले. त्या आठ महिन्यांत ह्यांना कदाचित अगदी नीट दिसत असेल.