घोटभर पाणी आणि दोन ठोके

मला गप्प बसता येत नाही. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्यापायी इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष पणाला लागेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

आमच्या कॉलेजात शेवटच्या वर्षी तिघातिघांनी मिळून प्रोजेक्ट करायचा असतो. बहुतेक जण लायब्ररीच्या पुस्तकांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर करतात, कारण ते मागच्या वर्षीच्या मुलांकडून आयतं मिळतं. आम्ही मात्र व्हिडिओ गेम करायचं ठरवलं. देवास गेटजवळ राहणारा एक मित्र चित्रं काढणार होता, एक मैत्रीण आवाज बघणार होती आणि मी कोड लिहिणार होते. शिवाय, त्या दोघांच्या म्हणण्याप्रमाणे, सगळ्यांवर ओरडायचं कामही माझ्याकडेच होतं. गेम आमच्या गावाजवळच्या भैरवगढच्या कापड-छपाईचा होता. टॅबलेटवर कापडाचं थान पसरलेलं, बाजूला लाकडी ठप्पे. बोटानं ठप्पा उचलायचा, रंगात बुडवायचा, कापडावर नेमक्या जागी ठेवून ठोकायचा. नक्षी जुळली की पुढचं थान. अशी तीन थानं छापून झाली की गेम जिंकला.

आमच्या सरांना गेम हा शब्दच आवडत नव्हता. त्यांनी एक अट घातली. ज्यानं जन्मात कधी गेम खेळला नाही असा माणूस परीक्षेच्या दिवशी आणायचा. आम्ही तिघांनी एक अक्षर बोलायचं नाही की बोट दाखवायचं नाही. तो माणूस शेवटपर्यंत पोहोचला तर सर सही करतील. नाही पोहोचला तर सगळं सत्र पुन्हा, आणि तेही लायब्ररीच्या सॉफ्टवेअरवर.

पहिली चाचणी फ्रीगंजमधल्या आमच्या घरी झाली. आईला सोफ्यावर बसवलं, टॅबलेट हातात दिला.

"कुठं दाबू गं?"

"ठप्पा उचल. अगं तो नाही, डावीकडचा! आता रंगात बुडव ना. आई, तू जरा रुक, घाई नको करू!"

आईनं तिन्ही थानं छापली. मी टाळ्या वाजवल्या. मित्र मात्र कपाळाला हात लावून बसला होता. "ये गेम आंटी ने नहीं, तूने खेला है," तो म्हणाला. मला इतका राग आला की विचारू नका, कारण त्याचं बरोबर होतं. पुढच्या दोन चाचण्यांतही तेच झालं. शेजारच्या काकू अडल्या की माझी उचलली जीभ लावली टाळ्याला. वर मीच म्हणायचे, लोकांना साधं कळतसुद्धा नाही. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

उपाय आईनंच काढला. लहानपणी मी आणि माझा भाऊ भांडायला लागलो की ती दोघांच्या तोंडात पाण्याचा एकेक घोट द्यायची. गिळायचं नाही, थुंकायचं नाही. पाणी तोंडात असेपर्यंत भांडण बंद. आता तिनं स्टीलचा पेला माझ्यापुढे धरला. "घे. तोपर्यंत तुझी टकळी बंद राहील."

मग प्रत्येक चाचणीत मी गाल फुगवून कोपऱ्यात बसू लागले. आणि खरं सांगते, तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की लोक कुठं अडतात. काकूंना रंगाची वाटी सापडत नव्हती, म्हणून आम्ही ती मोठी केली. वॉचमनकाका ठप्पा उलटा धरत होते, म्हणून आम्ही त्याला मूठ काढली. तीन आठवड्यांत सगळ्यांना गेम जमू लागला आणि मी हवेत चालायला लागले.

तेवढ्यात मैत्रीण म्हणाली, "एकदा खऱ्या छापणाऱ्याला दाखवू या." मला त्याची काही गरज वाटत नव्हती, तरी गेले. भैरवगढच्या एका कारखान्यात वयस्कर चाचा लांब टेबलापाशी उभे होते. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, पडद्यावरचा ठप्पा उचलून कापडावर ठेवला आणि त्यावर बोट आपटलं. थप थप. दोनदा. पडद्यावर लाल अक्षरं आली: थान खराब. आमच्या हिशेबानं प्रत्येक ठोका म्हणजे एक नवा छाप, म्हणजे एकाच जागी दोन छाप पडले होते. चाचांनी पुन्हा केलं. थप थप. थान खराब. तिसऱ्यांदाही तेच.

मी पाणी गिळलं आणि ओरडले, "चाचा, एक ही बार मारना है!"

चाचांनी टॅबलेट खाली ठेवला. मला टेबलापाशी नेलं, खरा ठप्पा माझ्या हातात दिला. "मारो एक बार." मी मारला. कापडावर अर्धवट, फिकट फूल उमटलं. त्यांनी त्याच ठप्प्यानं शेजारी छापलं, थप थप, आणि फूल पाकळ्यांसकट उठून आलं. "पहले से ठप्पा बैठता है बेटा, दूसरे से रंग."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. छपाईचे व्हिडिओ आम्ही ढिगानं पाहिले होते, पण कुठं? लायब्ररीत, आवाज बंद करून, आणि वेळ वाचावा म्हणून वेग वाढवून. दोन ठोके आम्हाला ऐकूही आले नाहीत आणि दिसलेही नाहीत. मैत्रिणीनं ठप्प्याचा आवाजही वहीवर चमचा एकदा आपटून बनवला होता. भैरवगढपासून पाचसहा किलोमीटरवर राहून आम्ही भैरवगढचा गेम असा केला होता.

आठ दिवस मी दुसरं काही केलं नाही. पहिल्या ठोक्याला फिका छाप, दुसऱ्याला पक्का रंग, असं सगळं नव्यानं लिहिलं. मित्रानं प्रत्येक नक्षी दोनदा काढली. मैत्रिणीनं चाचांच्या टेबलावरचा खरा आवाज आणला. आता गेमला ताल आला होता. मला तो ऐकून नाचावंसं वाटायचं.

परीक्षेला चाचांनीच यावं अशी आम्ही विनंती केली. ते हसले. "मैं तो खेल चुका, बेईमानी हो जाएगी. मेरी घरवाली को ले जाओ. बचपन से छाप रही है, और मोबाइल से उसको नफरत है."

चाची आल्या त्या आठ्या घेऊनच. लॅबमध्ये त्या खुर्चीवर बसल्या, सर मागे हात बांधून उभे राहिले आणि मी पेल्यातून घोट घेतला. चाचींनी बराच वेळ पडद्याकडे नुसतं पाहिलं. मग ठप्पा उचलला. थप थप. त्यांनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि आठ्या थोड्या सैल झाल्या. पहिलं थान झालं, दुसरं झालं.

तिसऱ्या थानाला किनार होती. कोपऱ्यावर ठप्पा वळवायला लागायचा आणि चाचींना तो वळवता येईना. त्यांनी ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. माझे गाल दुखायला लागले. मित्रानं डोळे मिटून घेतले. अख्खं सत्र त्या एका कोपऱ्यावर येऊन अडकलं होतं, आणि ज्या दोन शब्दांनी ते सुटलं असतं ते माझ्या तोंडात पाण्याखाली बुडाले होते.

"अम्मा, घुमाओ ना, वो ठप्पा..."

बोलले होते सर! ते चाचींच्या खुर्चीवर वाकले होते, बोट पुढे केलेलं. चाचींनी हात झटकून त्यांना गप्प केलं: "रुको साब, देखने दो."

काय सुचलं कुणास ठाऊक, मी पेला सरांपुढे धरला. त्यांना आमची ही रीत माहीत होती. सगळ्या कॉलेजला माहीत होती. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, माझ्या फुगलेल्या गालांकडे पाहिलं आणि मुकाट्यानं एक मोठा घोट घेतला.

चाचींनी पडद्यावरचा ठप्पा सोडून दिला आणि पहिल्यापासून मांडायला घेतला. या वेळी त्यांनी तो दोन बोटांत धरला, खरा ठप्पा धरतात तसा, आणि सहज मनगट वळवलं. पडद्यावरचा ठप्पा वळला. थप थप. कोपरा जुळला. किनार धावत शेवटापर्यंत गेली आणि अख्खं थान पडद्यावर उलगडलं.

"बस, इतना ही?" चाची म्हणाल्या. "दूसरा थान लाओ."

आणखी थान नव्हतंच! मी पाणी गिळलं आणि अशी किंचाळले की शेजारच्या लॅबमधली मुलं धावत आली. मैत्रीण चाचींच्या गळ्यात पडली. मित्र बाकावर चढला. जन्मात इतका आनंद मला झाला नव्हता.

सरांना काही बोलता येत नव्हतं, त्यांचे गाल अजून फुगलेले होते. त्यांनी खिशातून पेन काढलं, आमचा कागद पुढे ओढला आणि सही केली.