तिला रुळवताना

आमच्या दादरच्या इमारतीच्या मागच्या अंगाला सगळी स्वयंपाकघरं एकाच चिंचोळ्या बोळावर उघडतात, त्यामुळे कुणाकडे आज काय शिजतंय हे विचारावं लागत नाही. गेल्या महिन्यात पहिल्या मजल्यावर मालवणकडचं एक कुटुंब भाड्यानं आलं आणि तेव्हापासून सकाळी साडेआठच्या सुमारास उकड्या तांदळाच्या पेजेचा वास वर येऊ लागला. मवाळ, जरासा मातकट वास. बाकीचे वास घरात घुसतात, हा खिडकीशी येऊन थांबतो. मी चहाचा कप हातात धरून उभी राहते, चहा निवतो. सहा वर्षं झाली, तरी त्या वासाबरोबर मला दुसऱ्या मजल्यावरचा तो रिकामा फ्लॅट दिसतो आणि दारापाशी बूट घालून बसलेली एक मुलगी.

मी महापालिकेच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. परळच्या एका शिशुगृहात आठवड्यातून दोन दुपारी मुलांना गोष्टी सांगायला जात असे. ती तिथलीच, सव्वादोन वर्षांची. अकरा दिवसांची असताना आली होती. डावं पाऊल जन्मतः आत वळलेलं. प्लॅस्टर घालून घालून बरंचसं सरळ झालं होतं, पण चालताना ती ते अजून ओढायची. इथल्या कुटुंबांनी तिची फाइल पाहिली आणि परत केली, एकदा नव्हे, अनेकदा. शेवटी उत्तरेकडच्या एका थंड देशातलं जोडपं तयार झालं. पासपोर्ट आणि कागदपत्रं होईतो त्यांना तीन आठवडे मुंबईत राहावं लागणार होतं, आणि आमच्या दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट थोड्या दिवसांसाठी मिळत असे. शिशुगृहाच्या संचालिका म्हणाल्या, "तुम्ही त्याच इमारतीत आहात, इंग्रजी येतं, ती तुम्हाला ओळखते. तिला रुळवायला जरा मदत करा." रुळवणं हा शब्द किती सोपा वाटतो. जणू माणूस म्हणजे नवीन वहाण. चार दिवस चावेल, मग बसेल पायात.

पहिले तीन दिवस तिनं बूट काढू दिले नाहीत. पायाला आधार देणारे जाड बूट होते ते, शिशुगृहात झोपताना काढायचे. इथं हात लावला की ती पाय पोटाशी घेई. दाराजवळच्या भिंतीला पाठ लावून बसे आणि दाराकडे बघत राही. जिन्यात पावलं वाजली की मान वर होई, पावलं पुढे गेली की मान खाली. रडली मात्र एकदाही नाही. नवी आई मला कृतज्ञतेनं म्हणाली, "किती शहाणी आहे, रडतसुद्धा नाही." तेवीस पाळण्यांच्या खोलीत वाढलेलं मूल रडणं कधी आणि का सोडून देतं, हे त्या बाईला सांगायचं धैर्य मला झालं नाही. ती खातही नव्हती. पाण्याबरोबर एखादं बिस्किट, बस्स. आणि दिलेला पाव न खाता उशीखाली ठेवायची. सकाळी चादर झटकली की कडक झालेले तुकडे पडत.

चौथ्या दिवशी तिच्या नव्या आईनं मला विचारलं, "तिथं तिच्या जिवाचं असं कुणी होतं का? त्यांना बोलावता येईल?"

होतं. लालबागच्या एका चाळीत एकटी राहणारी मावशी. नवरा गिरणीत होता. गिरणी गेली, मागोमाग तोही गेला. मूलबाळ नव्हतं. वीस वर्षं शिशुगृहात दिवसपाळी करत होती आणि ही मुलगी अकराव्या दिवसापासून तिच्याच हातावर वाढली होती. दुपारी झोपताना ती मावशीच्या कानाची पाळी दोन बोटांत धरी आणि दाबत दाबत डोळे मिटी. त्यासाठी मावशीनं कानातल्या कुड्या काढून ठेवल्या होत्या, त्या पुन्हा घातल्याच नाहीत. पण संचालिकांचा नियम पक्का होता. मूल सोपवल्यावर सांभाळणाऱ्या बाईनं भेटायचं नाही. "जखम एकदाच होऊ दे," त्या मला फोनवर म्हणाल्या. "रोज खपली काढून काय मिळणार?" त्यांचं चूक होतं असं मला तेव्हाही म्हणवलं नाही, आजही म्हणवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराची बेल वाजली. मावशी. हातात स्टीलचा डबा, कडीला रुमाल बांधलेला.

"पोरगी खाणा नाय, असा आयकलंय," ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "पेज आसा. कोमट करून भरवा. मीठ घातलंय."

"आत या ना, मावशी."

"नको. माका बघूचा नाय तिका. ह्या तेवढा द्या." आणि ती कामावर निघूनही गेली.

मी डबा खाली दुसऱ्या मजल्यावर नेला. चमचा मुद्दाम नव्या आईच्या हातात दिला आणि तिच्या मागे उभी राहिले. मुलीनं वास घेतला. बराच वेळ डब्याकडे पाहिलं, मग त्या बाईच्या तोंडाकडे, मग पुन्हा डब्याकडे, जणू दोन न जुळणाऱ्या गोष्टी ती जुळवून बघत होती. मग तोंड उघडलं. ती बाई भरवत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, नवरा खिडकीकडे तोंड करून उभा होता. त्या दिवसापासून रोज सकाळी डबा येऊ लागला. मी नव्या आईला कानातल्या रिंगा काढून ठेवायला सांगितल्या. का, ते सांगितलं नाही. मुलं ओढतात, एवढंच म्हटलं. आठव्या दुपारी मी गेले तेव्हा बूट पलंगाखाली होते, आणि झोपलेल्या मुलीची दोन बोटं त्या गोऱ्या, मोकळ्या कानावर होती. मला आनंद झाला. त्या आनंदात चोरी केल्यासारखं काहीतरी होतं, हेही त्याच क्षणी जाणवलं.

नवव्या सकाळी डबा देताना मावशी घुटमळली. "बाई, एकदा लांबून दाखवशात? बोलूचंय नाय. फक्त बघतंय."

मी नको म्हटलं. ती आत्ता कुठे खाते आहे, झोपते आहे, तुम्ही दिसलात तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी शिक्षिकेच्या आवाजात नीट समजावून सांगितलं. मावशीनं मान हलवली. "बरोबर आसा तुमचा," म्हणाली आणि जिना उतरू लागली. मी कठड्याशी उभी राहून बघत होते. त्याच वेळी दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं आणि ती दोघं मुलीला कडेवर घेऊन फिरायला बाहेर पडली. मावशी त्यांच्यापासून चार पायऱ्या वर थबकली.

मुलीनं तिला पाहिलं. ते पाहणं मी विसरू शकत नाही. हसली नाही, हात पुढे केला नाही. नुसती एकटक पाहत राहिली, आणि मग तोंड फिरवून नव्या आईच्या मानेत खुपसलं. घट्ट.

"कोण आहेत या?" नव्या आईनं मला वर पाहून इंग्रजीत विचारलं.

मी म्हणाले, "कुणी नाही. बिल्डिंगमध्ये कामाला येतात."

तेही इंग्रजीतच म्हणाले. मला वाटलं, मावशीला कळणार नाही. वीस वर्षं जी बाई परदेशी आईबापांच्या हातात मुलं देत आली, तिला 'नोबडी' हा शब्द कळणार नाही असं मी धरून चालले. मावशी अंग चोरून त्यांच्या बाजूनं खाली उतरली. फाटकापाशी तिनं एकदाच मागे वळून पाहिलं, तेही मुलीकडे नाही, माझ्याकडे.

डबे मात्र शेवटच्या दिवसापर्यंत येत राहिले. ते लोक गेले. त्यानंतर मावशीनं बाळांच्या खोलीतलं काम सोडलं आणि कपडे धुण्याकडे बदली मागून घेतली. मीही हळूहळू गोष्टी सांगायला जाणं बंद केलं. गुडघे दुखतात हे कारण सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं.

वर्षाला एक पत्र येई, फोटोसह. पहिल्या हिवाळ्यात ती कितीतरी महिने एकही शब्द बोलली नाही, हे पहिल्याच पत्रात होतं. पुढच्या पत्रांतून ती बोलू लागली, बर्फात धावू लागली, पायाचं एक ऑपरेशन झालं. आणि गेल्या वर्षी त्या बाईनं लिहिलं, 'ती विचारते, मी लहान असताना मला कुणी सांभाळलं? शिशुगृहानं दिलेल्या फोटोंत तिला धरलेले फक्त हात दिसतात. त्या हातांच्या बाईचा फोटो मिळेल का?'

मी लालबागला गेले. चाळ पाडली होती. तिथं पत्रे ठोकून पायाचं खोदकाम चालू होतं. कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं सांगितलं, मावशी अँटॉप हिलला भाच्याकडे असते. भाच्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये ती खाटेवर होती. मूत्रपिंडं थकली होती, चेहरा सुजलेला. मी बसल्या बसल्याच म्हणाले, "मावशी, त्या दिवशी जिन्यात मी खोटं बोलले."

"माका ठावक आसा," ती म्हणाली. "तुमी नाय बोलला असतात तर ती पोरगी दोन आवशींच्या मधी लटाकली असती." मग म्हणाली, "पण तिना तोंड फिरवल्यान, ता तुमच्या बोलण्याआधी. ता माका लागला."

फोटोची गोष्ट काढल्यावर मात्र ती उठून बसली. भाचेसुनेकडून केस विंचरून घेतले, साडी बदलली, सुजलेलं तोंड उजेडाला किती वळवावं यावर दोनदा विचार केला. मी फोटो पाठवला, आणि सोबत लांब पत्र: डब्यांचं, कानाचं, जिन्याचं, माझ्या खोट्याचं, सगळं.

उत्तराला महिना लागला. त्या बाईनं रागावून लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं, 'सगळं वाचलं, खूप रडले. पण ती आत्ता शाळेत नीट बसू लागली आहे, स्वप्नातून दचकून उठणं थांबलं आहे. फोटो मी खणात ठेवला आहे. मोठी झाली की दाखवीन. तुम्ही समजून घ्याल.' मी समजून घेतलं. मुलीच्या भल्यासाठी माणूस झाकून ठेवणं त्या नऊ दिवसांत मीच तर सुरू केलं होतं.

आठवड्याभरात मावशीचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. "बाई, फोटो पोचलो?"

"पोचला."

"बघितल्यान? वळाखल्यान माका?"

माझ्यासमोर त्या बाईचं ते उत्तर उघडं पडलेलं होतं. मी म्हणाले, "ओळखलं. लगेच ओळखलं."

"बरा झाला," ती म्हणाली. पंधरा दिवसांनी भाच्याचा निरोप आला, मावशी गेली.

त्या मावशीबद्दल मी दोनदा खोटं बोलले. एकदा तिला पुसून टाकण्यासाठी, एकदा तिला परत लिहिण्यासाठी. दोन्ही वेळा मला वाटलं, हेच दयेचं आहे. माणसं मोठी होतात तसं त्यांच्या वतीनं ठरवणाऱ्यांची संख्या घटत जाते, आणि त्यालाच आपण वय वाढणं म्हणत असू. ती मुलगी आता आठ वर्षांची आहे. अजून काही वर्षं आम्ही बायका तिच्या वतीनं ठरवत राहू. मग एक दिवस तिला उत्तरं हवी असतील, आणि ती देऊ शकणारी मी कदाचित नसेन. म्हणून हे लिहून ठेवते आहे, आणि तिला मराठी वाचता येणार नाही हे मला माहीत आहे.