लाल शाईतली नावं

त्या रविवारी मला खरं तर फक्त झोपायचं होतं. आठवडाभर पुकेकोहे गावातल्या पॅकहाउसमध्ये उभं राहून पट्ट्यावरून सरकणारे कांदे निवडायचे, म्हणजे शनिवारपर्यंत पायांचे तुकडे पडलेले असायचे. नवरा ख्राइस्टचर्चला, भूकंपानंतरच्या बांधकामावर; महिन्यातून दोनदा मनुरेवा उपनगरातल्या आमच्या घरी यायचा आणि तोही झोपायचा. पुण्यात चौदा वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेली मी. इथे परदेशात माझी शिक्षिकेची कागदपत्रं मंजुरीसाठी दोन वर्षं कुठल्याशा टेबलावर लोळत पडली होती.

पण शनिवारी सकाळी दोन तास मी पुन्हा बाई व्हायचे. लायब्ररीच्या मागच्या खोलीत चिनी आजी-आजोबांना इंग्रजी शिकवायचे. नातवंडं सांभाळायला मुलांनी इकडे बोलावून घेतलेली ही माणसं. त्यांना डॉक्टरकडे, बसमध्ये, कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणताना पुरेल एवढं इंग्रजी हवं होतं. मला ती ‘टीचर’ म्हणायची. त्या एका हाकेवर माझा पुढचा सगळा आठवडा निघायचा, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

तोच वर्ग आता बंद पडायला आला होता. जुलैच्या सुट्टीनंतर सोळांपैकी सहाच जण आले, त्याच्या पुढच्या शनिवारी चार. खोली देणाऱ्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं, सोमवारपर्यंत दहा नावं द्या, नाहीतर खोली दुसऱ्यांना जाईल. वर ‘नो वरीज’ म्हणाल्या. तुम्हाला नसतील हो वरीज, मी मनात म्हटलं.

सगळ्या वर्गाची दोरी एका आजींच्या हातात होती. पंचाहत्तरीच्या, बुटक्या, खणखणीत. बाकीच्यांना त्यांनीच गोळा करून आणलं होतं, आणि त्या यायच्या थांबल्या तसे सगळेच थांबले. त्यांचे यजमानही वर्गात होते, कानाने अधू, पहिल्या बाकावर. छातीवरचं नावाचं कार्ड ते दर शनिवारी उलटं लावायचे, नाव शर्टाच्या बाजूला. आणि मी दर शनिवारी हसत हसत जाऊन ते सुलट करायचे. ‘लपू नका आजोबा,’ असं मराठीतच म्हणायचे. ते मान खाली घालून बसायचे.

फोन कुणी उचलत नव्हतं. आजी मुलाच्या परसातली भाजी रविवारच्या चिनी बाजारात विकतात एवढं मला ठाऊक होतं. म्हणून निघाले, दोन बस बदलून.

एका पार्किंगच्या जागेत ताडपत्र्या बांधून बाजार भरला होता. डोक्या-पायांसकट सोललेल्या कोंबड्या, मिठात मुरवलेली बदकाची अंडी, वाळवलेल्या मशरूमचे ढीग, कढईत फुगणाऱ्या कणकेच्या लांब कांड्या. मंडईत वाढलेली बाई मी, बाजाराला काय घाबरते! पण इथे माझी बोलतीच बंद झाली. वर्गात ज्यांना मी ‘मोठ्याने बोला, मोठ्याने’ म्हणून महिनोन् महिने रागावत होते, त्या वयाची माणसं इथे बेंबीच्या देठापासून ओरडत होती. एका विक्रेतीकडे सोयाबीनचं दूध मागायचं तर मला बोट दाखवावं लागलं. तिने माझी दया येऊन पेला हातात दिला. ते गरम दूध घेऊन मी एका खोक्यावर टेकले आणि पाच मिनिटं नुसती बसून राहिले. वर्ग गेला तर गेला, आपण घरी जावं, असंही एकदा वाटून गेलं.

मग समोर लाल माठ दिसला. खरा माठ, मुळांना माती चिकटलेला. आणि त्याच्यामागे आजी.

“आजी!” मी ओरडलेच. त्या उठून उभ्या राहिल्या, वर्गात राहायच्या तशा. वाळल्या होत्या. केसांत कानामागे पांढऱ्या लोकरीचं बारीकसं फूल खोचलेलं. काहीतरी चांगलं बोलून सुरुवात करावी म्हणून मी फुलाकडे बोट दाखवून म्हटलं, “व्हेरी प्रिटी! आणि आजोबा कुठे आहेत?”

आजींनी शेजारी गिऱ्हाईक करणाऱ्या सुनेकडे पाहिलं. सून चांगलं इंग्रजी बोलायची. तिने हातातली जुडी खाली ठेवली आणि हळूच सांगितलं, सासरे गेले. जुलैत, झोपेतच. हे फूल सुतकाचं आहे.

कपाळ माझं! दुखवट्याच्या फुलाला मी सुंदर म्हणून बसले होते. सॉरी सॉरी करत राहिले. मग विचारलं, “बाकीचे का येत नाहीत? मला कुणी कळवलं का नाही?”

सून बराच वेळ चुळबुळली. जुन्या माणसांच्या समजुती आहेत, मनावर घेऊ नका, असं दोनदा म्हणाली. मग म्हणाली, “तुम्ही ती नावांची कार्डं केली होती ना, लाल.”

केली होती. चिनी नववर्षाला, रात्रभर बसून, जाड लाल मार्करने एकेक नाव रेखून आणि सोनेरी कडा लावून. आमच्याकडे लग्नपत्रिकेत नवरा-नवरीची नावं लाल शाईत असतात. आणि यांचे तर कंदील लाल, पाकिटं लाल. मला वाटलं होतं खूश होतील. सगळ्यांनी दोन्ही हातांनी कार्डं घेतली होती आणि वाकून आभार मानले होते.

“जिवंत माणसाचं नाव लाल शाईत लिहीत नाहीत,” सून म्हणाली. “पूर्वी देहदंड झालेल्यांची लिहायचे. फार अशुभ मानतात. सासरे गेल्यावर सगळे घाबरले.”

“अहो, पण मग पहिल्याच दिवशी सांगायचं ना मला! एका शब्दाने सांगायचं!”

ती माझ्याकडे नवलाने बघत राहिली. “तुम्ही टीचर आहात,” ती म्हणाली.

पाच महिने ती सोळा माणसं ते नाव छातीवर लावून माझ्यासमोर बसली आणि कुणी हूं की चूं केलं नाही. आणि त्या म्हाताऱ्याने आपल्या परीने ते उलटं केलं, तर मी दर वेळी जाऊन सुलट केलं. माझ्या या हातांनी. मला तिथेच, त्या भाजीच्या ढिगासमोर, रडू फुटलं.

आजी पुढे आल्या. मी त्यांचे मातीचे हात धरले. “आजी, चुकलं हो माझं,” असं मराठीतच तोंडातून निघालं. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं आणि माझ्यासाठी माठाच्या दोन जुड्या एका पिशवीत कोंबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आणि तरी, मी अशी निर्लज्ज, डोक्यातून सोमवार काही जाईना. डोळे पुसून मी सावकाश, सोप्या इंग्रजीत म्हटलं, “वर्ग बंद होणार आहे. कार्डं मी फाडून टाकते. तुम्ही शनिवारी याल? प्लीज?”

आजींनी सुनेकडे पाहिलं नाही. पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात बाजूला घेतले, ताठ उभ्या राहिल्या. ओठ आधी नुसतेच हलले. मग म्हणाल्या, “थँक यू फॉर इन्व्हायटिंग मी. आय ॲम सॉरी. आय ॲम बिझी ऑन सॅटरडे.”

समोरच्याला न दुखवता आमंत्रण कसं नाकारायचं, हा धडा मी एप्रिलमध्ये घेतला होता. तीन आठवडे त्यांना हे वाक्य जमलं नव्हतं. आज एकही चूक नव्हती, थांबायचं तिथे थांबल्यासुद्धा.

“व्हेरी गुड,” सवयीने मी म्हणून गेले. आणि आजी, त्या सकाळी पहिल्यांदाच, खुदकन हसल्या.