सरळ केलेली वायर

दसरा झाला त्याच आठवड्यात साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यातल्या लेथने कॉम्प्युटरशी अबोला धरला. कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहिणारी मी, तेव्हा तो माझ्याशीच धरलाय असं मी समजून चालले.

लेथ जुना आहे. केबलने प्रोग्राम पाठवला की त्याबरहुकूम लोखंड कातून देतो. नेहमीची कामं त्याच्या पोटात आधीच साठवलेली, म्हणून काही दिवस कुणाला पत्ता लागला नाही. शनिवारी नव्या गिऱ्हाइकाचा प्रोग्राम पाठवायला बसले आणि वाट लागली. सोमवारी त्यांचा माणूस ट्रायल बघायला येणार होता.

कॉम्प्युटर म्हणत होता, पाठवलं. लेथच्या पडद्यावर नुसती अक्षरं लुकलुकत होती, म्हणजे तो अजून वाट बघतोय. मी दोन्हीकडचा डेटाचा वेग जुळवून बघितला. पोर्ट बदलला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, मग लेथ बंद करून चालू केला. सर्व्हिसवाल्याला फोन लावला तर तो म्हणाला, "मॅडम, केबल ओके है ना?" केबल ठीकच दिसत होती. तिच्या टोकाला पूजेचं हळदकुंकू होतं, तिच्यावर कोण संशय घेणार?

त्यात नवऱ्याचे अंधेरीच्या ऑफिसातून फोन. "रीस्टार्ट करून बघितलंस का?" शनिवारी ऑफिस असल्याचा राग तो माझ्यावर काढत होता आणि मी माझा राग लेथवर. एकदा तर त्याच्या दरवाजावर हात आपटला, तो मलाच लागला.

सासरे शेजारी स्टुलावर बसून होते. गाळ्यात आम्ही दोघंच असतो. ते गिरणीत फिटर होते, गिरणी बंद पडल्यावर त्यांनी हा गाळा उभा केला. हल्ली हात थोडा कापतो. मागे त्यांच्या हातून एक महागाचं कटर मोडलं, तेव्हा नवऱ्याने जेवताना सांगून टाकलं, "आता आणखी एक काही झालं ना, की बाबा घरी." दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर येऊन सासऱ्यांनी शटर उघडलं. दिंडोशीच्या आमच्या घरात दिवसभर टीव्हीसमोर बसवलं तर हा माणूस वाळून जाईल, हे मला दिसतं. त्यांच्या मुलाला दिसत नाही.

दुपार अशीच गेली. शेवटी वैतागून मी केबलच्या टोकाचं झाकण उघडलं. आत सोल्डरचे ताजे, चकचकीत टिपके.

"बाबा, ही कुणी उघडली होती?"

"मी गो," ते सहज म्हणाले. "दसऱ्याक साफ करताना बघितलंय. हिरवी आणि पांढरी उलटसुलट जोडलेली. मी सरळ केलंय."

मला हसावं की रडावं कळेना. ती केबल उलटसुलटच असावी लागते. एकाची बोलायची वायर दुसऱ्याच्या ऐकायच्या वायरीला जोडायची. सरळ केली की दोघंही बोलतच राहतात, ऐकत कुणीच नाही. दसऱ्याला आमच्याकडे प्रत्येक हत्यार उघडून, पुसून, जागच्या जागी लावतात. वाकडं दिसलं ते सरळ केल्याशिवाय या माणसाला पूजा पुरी झाल्यासारखी वाटत नाही.

मी समजावून सांगितलं, चिडूनच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सोल्डरगन तापत लावली. वायरी मी उलट्या केल्या. प्रोग्राम गेला. पडद्यावर ओळी भराभर उतरायला लागल्या, तरी मला आनंद असा झालाच नाही.

तेवढ्यात फोन वाजला. "झालं? काय होतं नेमकं?"

सासरे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "काही नाही रे, माझंच सेटिंग चुकलं होतं."

"कमाल आहे तुझी. सगळा दिवस घालवलास."

फोनचा आवाज मोठा होता. सासऱ्यांनी हात पुढे केला आणि फोन घेतला.

"तिची चूक नाय. वायर मी बिघडवलंय," ते म्हणाले. "सोमवारपासून मी घराकडेच रवतलंय."

मी हाताने नको नको म्हणत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. फोन परत दिला, हात धुतले, हत्यारं पुसून फळीवर लावली. नवरा फोनवर म्हणत होता, "बरं झालं, स्वतःहूनच म्हणाले." मी फोन बंद केला.

सोमवारी ट्रायल पास झाली. शटर मीच उघडलं होतं. संध्याकाळी घरी आले तर सासरे टीव्हीसमोर होते. टीव्ही बंद होता.

"लेथाक तेल घातलंस?" त्यांनी विचारलं.

"घातलं," मी म्हणाले. घातलं नव्हतं. ते काम त्यांचं होतं.