हिंगुळाचा पीळ
बैलांची शिंगं रंगवायचा लाल हिंगूळ कालवल्याचा वास आला की माझ्या डोळ्यांपुढे समुद्र उभा राहतो, तोही बर्फाचा. निजामाच्या राज्यातली गोष्ट, आम्ही हट्ट्याला राहायचो. ऐन पोळ्याच्या तोंडावर आमच्या बैलाचं उजवं शिंग मुळापासून मोडलं. मोडक्या शिंगाचा बैल तोरणाखाली नेला तर गाव हसेल, म्हणून आई म्हणाली, त्याला गोठ्यातच ठेवा. वडील जोडीच्या बैलाची शिंगं रंगवत बसले. तेवढ्यात ओसरीवर राहणारे शाळेचे मास्तर एक चित्र घेऊन आले. बर्फाच्या समुद्रातला ठिपक्याठिपक्यांचा देवमासा, आणि तोंडातून भाल्यासारखं निघालेलं एकच पिळाचं शिंग. "नारव्हाल म्हणतात याला. हे शिंग नाही, डावा दात आहे. वरचा ओठ फोडून येतो आणि जन्मभर वाढतो. श्वास घ्यायला बर्फाच्या भेगेतून वर येतात, तेव्हा नुसते भालेच भाले दिसतात." बैलाचे दात बघून वय सांगणारे माझे वडील हातचं काम विसरले. "एका दातावर येवढी शान?" म्हणाले आणि उठले. गोठ्यातला बैल सोडून आणला, चित्र बघत बघत त्याच्या उरल्या शिंगावर टोकापर्यंत हिंगुळाचा पीळ चढवला. "आता हसू दे गावाला," आईला म्हणाले. तोरणाखाली कोणी हसलं नाही, सगळे शिंगाकडेच बघून राहिले. पुढच्या पोळ्याला चांगल्या धडधाकट बैलांच्या शिंगांवरही पीळ दिसले. परवा गावी गेले, तर एक शेतकरी तसाच पीळ काढत होता. काहून, म्हणून विचारलं. म्हणाला, "आपल्याकडं पयल्यापासून असंच हाय, मावशी."