काल्याची पहिली पंगत

माझ्यासमोरची पत्रावळ वाढणाऱ्यानं उचलली. भात वाढून झाला होता, वरण यायचं होतं. भातासकट उचलली आणि मंडपाच्या कनातीबाहेर नेऊन ठेवली, कुत्र्यापुढं ठेवतात तशी. मग माझ्या जागेवर तांब्यातलं पाणी शिंपडलं. मी अजून तिथंच बसलेली. पाणी मांडीवर पडलं. गार होतं, एवढंच आठवतं.

तेव्हाची मी म्हणजे एक नंबरची येडपट. परकर-पोलकं, चोपडून तेल लावलेले केस आणि डोक्यात हवा. आम्ही गावाबाहेर, जंगलाला लागून असलेल्या टोल्यावरचे. आमचे देव मोहाच्या झाडाखाली. गावच्या विठ्ठल मंदिराशी संबंध एवढाच, की कार्तिकातल्या काल्याच्या पत्रावळी आमच्या बाया शिवायच्या. पळसाची पानं, बांबूच्या काड्या. नैवेद्याची पत्रावळ शिवणारीनं उपाशीपोटी शिवायची, हा गावाचा नेम. त्या वर्षी ती आईनं माझ्याकडं दिली. मी पाणीसुद्धा प्यायले नाही. देव माझ्या पानावर जेवणार म्हणून टोलाभर मिरवून आले. जसं काही देवानं निरोप धाडून मलाच बोलावलं होतं.

काल्याच्या कीर्तनात महाराजांनी सांगितलं, कृष्णानं सगळ्या सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकात कालवल्या, कोणाची कोणती ते उरलंच नाही. मी कनातीबाहेर उभी राहून ऐकलं. आणि खरं मानलं. अख्ख्या गावात एकानंही मानलं नाही ते या शहाणीनं मानलं. पंगत बसली तशी आत शिरले आणि बसले.

“कोनाची वं तू?” वाढणाऱ्यानं विचारलं.

“टोल्यावरची. पत्रावळी आमीच शिवल्या.”

“पान चालते. तू नाई चालत. तिकडं बस.”

सगळी पंगत मान खाली घालून भाताचं आळं करत होती. कोणी हसलं असतं तर मी रडले तरी असते. बाहेर आई म्हणाली, “खाऊन घे, उपाशी हायस.” मी खाल्लं. चव लागली नाही.

पुढं लग्न त्याच टोल्यावर झालं. दर कार्तिकात पत्रावळी शिवल्या, दर काल्याला कनातीबाहेर जेवले. राग नाही, रडू नाही. काडी टोचून टोचून बोटं निबर होतात, नंतर रक्त आलं तरी कळत नाही. तसंच ते.

यंदा दिवाळी सरली आणि मंदिराच्या मंडळातला एक पोरगा गाडीवर आला. पंगतीला आता कागदाच्या ताटल्या असतात, नैवेद्याला मात्र पानाचीच लागते. टोल्यावर शिवणारी मीच उरले.

“आजी, नैवेद्याची तेवढी शिवून द्या.”

“देईन ना बापू. पण मी पहिल्या पंगतीत बसीन.”

तो हसला. “आता कोन मानते ते जुनं? बसा ना खुशाल. फक्त पहिली पंगत उठू द्या.”

“मंग देवालेही दुसऱ्या पंगतीत वाढ.”

त्याचं हसू गेलं. किक मारता मारता म्हणाला, “म्हातारपणी देवाशी भांडण कायले, आजी?”

देवाशी कुठलं भांडण. देवानं माझी पत्रावळ कधी उचलली नव्हती.

गाडी गेली. मी अंगणात बसून राहिले. मांडीवर गार लागलं. हात लावून पाहिला, लुगडं कोरडं होतं.

नैवेद्याची पत्रावळ मी शिवली नाही. देव कागदावर जेवो, नाहीतर राहो उपाशी. मी राहिले होते. एक मात्र शिवली, माझ्यासाठी. पोटभर जेवून शिवली.

उद्या काला. ती पत्रावळ घेऊन मी कनातीच्या आत जाणार आणि पहिल्या पंगतीत बसणार. पाणी शिंपडायचं तर शिंपडा. माझे गुडघे असे आहेत की एकदा बसले की कोणी काखेत हात घालून उठवल्याशिवाय उठता येत नाही. पत्रावळ उचलली तरी मी तिथंच असेन. मला हलवायचं तर मला हात लावावा लागेल.