उजवा, डावा, डावा

माझी नजरच वाकडी, असं माझा भाऊ म्हणतो. म्हणू दे बापडा. तीस वर्षं शाळांचे गणवेश शिवतेय मी. कापड वीतभर कमी आणून "बघा ना, बसेल त्यात" म्हणणारी माणसं रोज दारात येतात. सगळ्यांवर विश्वास ठेवला असता तर दुकान कधीच गुंडाळावं लागलं असतं.

भावाची मुलगी चौदा वर्षांची. घरात तिला आम्ही घुमी म्हणतो, कारण ती शब्द मोजूनमापून काढते. बुद्धिबळ तिला बापानंच शिकवलं आणि सातव्या वर्षी तिनं त्यालाच हरवलं. शेवटची चाल केली आणि पाणी प्यायला उठून गेली. हा बिचारा पुढे दहा मिनिटं पटाकडे बघत बसलेला! तो लिफ्ट दुरुस्त करतो. यंदा त्याला रजा मिळाली नाही, म्हणून शालेय राष्ट्रीय स्पर्धेला तिच्याबरोबर मी गेले. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही.

शेवटची फेरी होती. जिंकली तर पहिल्या तिघींत, आणि पहिल्या तिघी थेट देशाच्या संघात. हॉलमध्ये दोरी बांधलेली, दोरीच्या अलीकडे आम्ही पालक. कुणी नुसतं शिंकलं तरी पंचबाई चष्म्यावरून बघायच्या.

समोरच्या मुलीचा बाप माझ्यापासून चार खुर्च्या सोडून बसला होता. हातात थर्मास. आता हॉलमध्ये खाणंपिणं बंद, मग थर्मास कशाला? बरं, आणलास तर आणलास, ठेव की पायाशी! पण नाही. उजव्या हातातून डाव्या, डाव्यातून उजव्या. पोरीनं मान वर केली की याचा हात बदललेला. म्हटलं, इथे पाणी मुरतंय. चेहरा मात्र असा साळसूद, की ताकास तूर लागू देत नव्हता.

मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. गळ्यात सवयीनं मापाची टेप होतीच, पिशवीतून मापाची वही काढली आणि लिहायला लागले. ती पोरगी चाल करायची, मी हात लिहायची. उजवा. डावा. डावा. उजवा. दीड तासात पान भरलं, आणि मी ते घेऊन तरातरा पंचबाईंकडे गेले.

त्यांनी पान वाचलं, उलटं करून बघितलं. "बाई, तक्रार तुमच्याविरुद्धही आलीय," त्या हळूच म्हणाल्या. "तुमची मुलगी सारखी तुमच्याकडे बघते. आणि तुम्ही गळ्यातली टेप ओढता, काहीतरी लिहिता. हे काय लिहिलंय?"

घुमी माझ्याकडे बघते? मला पत्ताच नव्हता. पण डोकं असं सणकलं! "चोराच्या उलट्या बोंबा!" मी ओरडले. "अहो, मला हत्ती कसा चालतो तेही येत नाही!"

अख्खा हॉल वळला. पंचबाईंनी घड्याळ थांबवलं. मला आणि थर्मासवाल्याला, दोघांनाही बाहेर काढलं. दार लागता लागता मला दिसलं, पंचबाई वाकून घुमीला काहीतरी विचारत होत्या.

बाहेर एकच बाक होता. एका टोकाला तो, दुसऱ्याला मी. त्यानं थर्मासचं झाकण उघडायला घेतलं आणि त्याचा हात असा थरथरायला लागला की झाकण खडखडत माझ्या पायाशी आलं. मी ते उचलून दिलं.

"एका हाताला कंप सुटला की दुसऱ्यात धरतो," तो म्हणाला. "हातात काही असलं की कमी दिसतं. पोरगी सारखी बघत असते ना, बाबा बरे आहेत का म्हणून."

"तक्रार तुम्हीच केलीत?"

"हो. तुम्ही माझ्याकडे बघून लिहीत होता. भीती वाटली हो मला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला झाकणात चहा ओतून दिला आणि वही पिशवीच्या तळाशी कोंबली.

तासाभरानं दार उघडलं. डाव बरोबरीत सुटला होता. अर्ध्या गुणानं घुमी चौथी आली.

"जिंकत होतीस ना गं?"

"घड्याळ थांबवलं तेव्हा जिंकत होते," ती म्हणाली. "मग त्यांनी विचारलं, आत्या खुणा करते का. त्यानंतर मला पुढचं काही दिसेचना."

स्वतःचाच राग आला होता, तो तिच्यावर काढला. "पण मुळात तू माझ्याकडे बघत कशाला होतीस?"

तिनं पेन दप्तरात टाकलं, चेन लावली.

"चांगली चाल झाली की मी बाबाकडे बघते. त्याला आता माझा खेळ कळत नाही. तरी तो हसतो."

"मग?"

"तू एकदाही बघितलं नाहीस."